तिसऱ्या कडव्यानंतरचा पदर

॥ श्री ॥
नाशिक,
९ नोव्हेंबर १९९८

ती. आप्पांच्या चरणी वेदिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवलेला फराळाचा डबा पोचला. डब्यात तुमचं पत्र होतं, पण चकलीचं तेल लागून त्यातल्या दोनच ओळी पुसल्या आणि त्या नेमक्या तुमच्या गुडघ्याबद्दलच्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते आता आईने कळवावं. तुम्ही कळवलंत तर गुडघा ठणठणीतच असणार, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

इकडची मोठी बातमी म्हणजे माझी वही पुस्तक होणार! वाचनालयातली नोकरी सांभाळून तीन वर्षं जिल्हाभर फिरले, बायकांची गाणी उतरवून घेतली, ती आता छापायला जाणार आहेत. प्रकाशक रविवार कारंज्याजवळचे. माणूस सज्जन, पण घाईचा. मार्चच्या मध्यावर छपाई सुरू करायची म्हणतो. दीपक म्हणतो, एवढ्या वेळात त्याच्या सिन्नरच्या कारखान्यात दोन नवी यंत्रं बसली असती. म्हणू दे.

पुस्तकाचा शेवट मी आपल्या बागलाणातल्या हळदीच्या गाण्याने करणार आहे. तुम्हाला पाठ असेलच, तरी लिहिते, म्हणजे काही चुकलं असेल तर कान धरता येईल:

जाय व माय जाय, पाटे पाटे जाय,
मांगे वळीसन नको देखू, बाप उभा शे.

वावर तुन्ही वाट देखस, वाफा तहानेल,
तुन्हा जीववर जीव धरीसन दाणा पेरेल.

मोट रिती, बैल उभा, धाव शे सुनी,
बापना डोयामा पाणी, देखं नही कोनी.

आप्पा, सटाण्यापासून मालेगावापर्यंत सतरा गावांत मी हे गाणं ऐकलं. सगळीकडे तिसऱ्या कडव्यानंतर बाया एकदम थांबतात आणि पदर तोंडाला लावतात. नवरीही मान खाली घालते. घटकाभर मांडवात आवाज नसतो. का, असं विचारलं तर सांगतात की बापाच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे आणखी काय म्हणायचं. मी गाण्याच्या अर्थावर दोन आणि त्या पदरावर दोन पानं लिहिली आहेत. वावर म्हणजे सासर, रिती मोट म्हणजे लेकीवाचून रितं झालेलं घर आणि तो पदर म्हणजे शब्द संपल्याची खूण. गाणं कुणी रचलं ते मात्र कुणालाच माहीत नाही. बाजारातल्या कॅसेटवर ‘पारंपरिक’ असं छापलंय. मीही ‘रचणारी अज्ञात’ लिहिलंय. तुम्हाला काही माहीत असल्यास कळवा.

आईला नमस्कार. तुमची माया आहे म्हणून भटकंती जमते, ती तशीच राहू द्या.

आपली,
वेदिका

॥ श्री ॥
नामपूर,
२० नोव्हेंबर १९९८

चि. सौ. वेदिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. गुडघा ठणठणीत आहे. कांदा यंदा इतका तोऱ्यात आहे की बाजारात कुणी शेतकरी मास्तरकडे बघून हसतदेखील नाही. तुझ्या आईने भजी बंद केली आहेत. बाकी क्षेम.

आता मुद्द्याचे. पस्तीस वर्षे मी पोरांच्या वह्या तपासल्या, पण लाल शाई इतक्या जोरात कधी वापरावीशी वाटली नव्हती. ‘रचणारी अज्ञात’ यातले दोन्ही शब्द चूक. ते गाणे बाईने रचलेले नाही. तो रचणारा माझा बाप होता.

हे तुला आजवर सांगितले नाही, कारण कुणी विचारले नाही आणि बापाबद्दल सांगण्यासारखे माझ्यापाशी फार थोडे आहे. ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मोसम नदीच्या काठच्या एका मोठ्या मळ्यावर ते सालदार होते. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचे. मोट त्यांच्याकडे. पहाटेपासून बैल धावेवरून खाली हाकायचे, चामड्याची मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडून पाटाने वावरात जायचे. मोट हाकणारा माणूस गाणे म्हणतोच, नाही तर बैल आणि तो दोघेही झोपतील. हे गाणे त्यांनी त्या मोटेवर रचले. गाण्यात लेक वगैरे कुणी नाही. ‘जाय व माय’ हे ते पाण्याला म्हणत. पाटे पाटे पाणीच जाते, नवरी नाही. मोट म्हणजे मोट आणि धाव म्हणजे धाव. तुझी दोन पाने वाचून विहिरीतले बेडूकही हसले असते.

आई, म्हणजे तुझी आजी भिमाबाई, त्यांच्या मागे लग्नघरात हळद दळायला जाई. तिच्या तोंडून ते गाणे हळदीत गेले. नवऱ्याने केलेले आहे एवढेच ती मला सांगे, त्यापलीकडे नाही.

बापाचा फोटो नाही. ज्या विहिरीवर हाडे झिजवली तिच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव. खंडेराव सावळीराम अशी मी सही करतो, तेवढ्या मधल्या जागेत ते उरले आहेत. आणि त्यांचे गाणे तालुका म्हणतो आहे. तुझे पुस्तक निघते आहे, तर तिथे ‘सावळीराम’ असे छापून यावे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितले नाही.

दीपकरावांना आशीर्वाद. यंत्रे बसवता येतात, गाणी बसावी लागतात म्हणावे.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥
नाशिक,
२ डिसेंबर १९९८

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले, मग माझी ती दोन पानं काढून पाहिली आणि माझीच मला लाज वाटली. सतरा गावं फिरले आणि घरच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला विचारलं नाही. एका सालदार माणसाने बैलांमागे चालता चालता इतके नेमके शब्द बसवले, कुठे एक जास्त नाही, एक कमी नाही. असा माणूस माझा आजोबा होता, हे कळायला चौतीस वर्षं लागावीत?

पण आप्पा, रागावू नका. तेवढ्यावर मी नाव छापू शकत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जे खुद्द गाण्यात आणि वर दोन माणसांच्या तोंडी सापडलं तेवढंच खरं धरलं. कॅसेटवाल्यांपैकी एकाने तर हे गाणं आपल्याच आजीचं म्हणून सांगितलं होतं, त्याचं मी ऐकलं नाही. मग माझ्या आजोबांचं कसं ऐकू? तुम्हीच शाळेत माझी पट्टीने बोटं लाल केली होती, शेजारणीच्या पाटीवरून गणित उतरवलं म्हणून.

एक विचारते. मोटेवरची जी थोडी गाणी मला जुन्या माणसांकडून मिळाली, त्यांच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, अमका म्हणे, तमका म्हणे. या गाण्याला चौथं कडवं होतं का? असलं तर ते गेलं कुठे? सतरा गावांत एकीलाही ते येऊ नये, हे मला चमत्कारिक वाटतं. आईला विचारून पाहा. सासूबाईंबरोबर ती हळदीला जायची ना?

उत्तराची वाट पाहते. राग आला तरी पत्र येऊ द्या.

आपली,
वेदिका

॥ श्री ॥
नामपूर,
१४ डिसेंबर १९९८

चि. सौ. वेदिकास आशीर्वाद. वि. वि.

राग आला होता. दोन दिवस राहिला. मग पट्टी माझीच होती हे आठवले.

तुझ्या आईला विचारले. चाळीस वर्षे संसार केला, पण ही बाई मला अजून कळलेली नाही. भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली की चौथे कडवे होते तर. मी म्हटले, मग आजवर बोलली का नाहीस? तर म्हणाली की त्यात मामंजींचे नाव आहे, ते कसे घेणार.

वेदिका, तुला तुझी आई ठाऊक आहे. रेशन दुकानाच्या मालकाचे नाव सावळीराम, तर ती त्याला आजही ‘मामंजींच्या नावाचा’ म्हणते. सासऱ्याला तिने पाहिलेदेखील नाही. ते तिच्या लग्नाच्या वीस वर्षे आधी गेले. पण सासऱ्याचे नाव ते सासऱ्याचे नाव.

आणि माझ्या आईच्या बाबतीत तर तो नवराच. ती तीन कडवी म्हणायची आणि चौथ्याला नाव येणार म्हणून पदर तोंडाला लावून गप्प बसायची. शिकणाऱ्या पोरींना वाटले की हिला रडू आले. त्यांनी तीन कडवी उचलली आणि पदरही उचलला. त्यांच्याकडून पुढच्या गावाने. तुझ्या आईने हे डोळ्यांनी पाहिले आहे. सासूला विचारलेही होते. सासूने फक्त डोळे मोठे केले, तेव्हा ती काय ते समजली. कडव्याचे शब्द मात्र सासूने तिलाही दिले नाहीत.

तर असे आहे. तुझ्या सतरा गावांतल्या बाया ज्याला दुःख म्हणतात ते माझ्या आईने नवऱ्याचे नाव न घेणे आहे. तुझी आणखी दोन पाने गेली.

ते कडवे ठाऊक असलेले एकच माणूस आता जिवंत आहे, तुझी लंका आत्या. बा गेले तेव्हा ती चौदाची होती, लग्न होऊन वर्ष झाले होते. लेक बापाचे नाव घेऊ शकते, त्याला आडकाठी नाही. पण अडचण तुझ्या ध्यानात आली असेलच. तुझ्या आतोबांचे नाव काय?

सांगायला नको. बाने जावई बघताना नाव ऐकूनच होकार दिला, असे आई सांगायची. तिकडेही एक सावळीराम असेल, पोरीला परके वाटणार नाही, म्हणाले. त्या मायेने साठ वर्षे गाण्याला कुलूप घातले.

तरी तू सिन्नरला जा. मुलाच्या, दिनेशच्या घरी ती दोघे बरी आहेत. तुझ्यावर तिचा जीव आहे.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥
नाशिक,
६ जानेवारी १९९९

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

रविवारी दीपकबरोबर सिन्नरला जाऊन आले. दिनेशदादाच्या घरी लग्नाची गडबड चालू आहे, त्याच्या मुलीची, आशाची, तारीख एकवीस फेब्रुवारी ठरली. तुम्हाला पत्रिका येईलच. आतोबा अंगणात उन्हाला बसले होते. त्यांना आता मोठ्यानं बोललेलंच ऐकू येतं. मी कोण हे तीनदा सांगितलं, चौथ्यांदा त्यांनी मलाच सांगितलं आणि हसले. मुद्दाम करतात, अशी माझी खात्री आहे.

आत्या लसूण सोलत होती. मी गाण्याचं नाव काढलं तशी तिची बोटं थांबली. मग तिने जे सांगितलं ते तुम्हालाही माहीत नसणार.

तुम्ही म्हणता गाणं पाण्याला म्हटलंय, ते खरं. पण ते रचलं तेव्हा आत्याचं लग्न ठरून आठ दिवस झाले होते. आजोबा वर मोटेवर असायचे आणि ही तेरा वर्षांची पोर खाली वावरात, पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायला. बापलेकीत अख्ख्या मळ्याचं अंतर. घरात ते लग्नाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पण मोटेवरून आवाज यायचा, जाय व माय जाय. आत्या म्हणाली की आधी गाणं यायचं आणि थोड्या वेळाने पाणी यायचं, आणि त्या पाण्यात हात घालून ती उभी राहायची. म्हणजे बाया जे समजल्या तेही खरंच होतं, आप्पा. त्यांनी पाण्याचं गाणं लेकीला लावलं नाही. ते मुळात दोघींचं होतं. हे सगळं एका माणसाने बैलांचे कासरे हातात धरून केलं. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि पाय कुठले आणायचे!

चौथं कडवं तिला अक्षर न् अक्षर आठवतं. मी हात जोडले. ती म्हणाली, त्यासनं नाव शे, मी कसं लेऊ? मी म्हटलं, नावाच्या जागी थांब, पुढचं सांग, नाव मी घालीन. तर तिला वाईट वाटलं. बापाने स्वतःचं नाव घालून जे केलं ते नाव तोडून देणार नाही, म्हणाली. द्यायचं तर सबंध, नाही तर माझ्याबरोबर जाऊ दे. मग तिने पुन्हा लसूण सोलायला घेतला. लग्नानंतर ती माहेरी आली ती थेट बाप गेल्यावर. तिला नीट निरोपही घेता आला नव्हता. तेवढंच एक कडवं तिने जपून ठेवलंय.

मला आणखी विचारवलं नाही. पण आप्पा, आत्या त्र्याहत्तर वर्षांची आहे. प्रकाशकाने पंधरा मार्चच्या पुढे एक दिवसही थांबणार नाही असं सांगितलंय.

आपली,
वेदिका

॥ श्री ॥
नामपूर,
१८ जानेवारी १९९९

चि. सौ. वेदिकास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचले. संध्याकाळी मोसमच्या काठाने त्या मळ्यापर्यंत चालत गेलो. गुडघ्याने परतताना हिशेब चुकता केला. विहिरीवर आता विजेचा पंप आहे, धाव केव्हाच बुजवली. पाट सिमेंटचा आहे. पंपाला गाणे लागत नाही.

लंका अक्काला आता छळू नकोस. तिचे म्हणणे रास्त आहे. तोडलेले कडवे घेऊन मीदेखील काय करू? तुझेही रास्त आहे. माझ्या हट्टासाठी पुस्तकात खोट येऊ नये. ‘अज्ञात’ असेच छाप. फक्त ‘रचणारी’ऐवजी ‘रचणारा’ कर, तेवढे तरी माझ्या शब्दावर करता आले तर. नाही तर तेही राहू दे. मी शिकवले ते तू पाळते आहेस, हे बरेच आहे. लिहायला सोपे गेले नाही, एवढे मात्र सांगतो.

लग्नाला आमचे येणे होणार नाही. गुडघा आता ठणठणीत नाही, हे लिहून देतो, फ्रेम करून लाव. तुझ्या आईने आशासाठी हिरवे लुगडे आणि अक्कासाठी खण पाठवला आहे. शिवाय तिचा एक निरोप आहे, तो मला नीटसा कळलेला नाही, जसाच्या तसा लिहितो. हळदीला तू लंका आत्याला खेटून बसायचे. नाव घ्यायची वेळ आली की म्हातारी म्हणून तिला कुणी सूट देईल, ती देऊ द्यायची नाही. आणि आतोबांना आत मांडवातच बसवायचे, बाहेर नाही. मी विचारले, हे कशाला? तर तुझी आई म्हणाली की गणित मास्तरांना येते, बाकीचे आम्हाला.

सर्वांस आशीर्वाद.

तुझा,
आप्पा

॥ श्री ॥
नाशिक,
२३ फेब्रुवारी १९९९

ती. आप्पा आणि ती. सौ. आई, दोघांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

आई, हे पत्र आधी तुझं आहे. आप्पांनी मोठ्यानं वाचावं.

शनिवारी आशाची हळद झाली. दारात जांभळाचे डहाळे, आत बाया दाटीवाटीने. आशाच्या आईचं, म्हणजे वहिनीचं, माहेर नामपूरकडचं, त्यामुळे आपलं गाणं झालंच. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे आत्याला खेटून बसले होते. आतोबांना दीपकने खुर्ची आणून आतच बसवलं, बायांच्या गर्दीत ते जरा संकोचले, पण पानाचा डबा दिल्यावर रमले. तीन कडवी झाली. सगळ्यांनी पदर तोंडाला लावला. आत्यानेही लावला. या वेळी तो कशासाठी आहे हे मला माहीत होतं.

मग नाव घेणं सुरू झालं. नव्या सुना लाजत लाजत घेत होत्या. आत्याची पाळी आली तशी वहिनी म्हणाल्या की राहू द्या, सासूबाई दमल्यात. मी आत्याचा हात धरला आणि म्हटलं, राहू द्यायचं नाही. बायांना तेवढंच हवं होतं, सगळ्या मागे लागल्या. नुसतं बोलताना नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण हळदीत सगळ्यांनी मागितल्यावर ओळ बांधून घ्यायचं नाव ना पाप, ना उद्धटपणा. तो तर मान. आई, हे तुला नामपुरात बसून सुचलं आणि मला तीन वर्षं गाणी गोळा करून नाही!

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं. तिने पदर डोक्यावर नीट घेतला, आतोबांच्या दिशेने बघितलं आणि उखाणा नाही, गाणंच उचललं. जिथे सगळ्या थांबल्या होत्या तिथून, त्याच चालीत. त्र्याहत्तर वर्षांचा आवाज, पण कुठे फाटला नाही:

सावळीराम म्हने, माय, हीर शे जित्ती,
रातमा झरा भरी काढी, येजो तू परती.

विहीर जिवंत आहे, रात्रीतून झरा तिला भरून काढील, तू परत ये. आप्पा, सतरा गावांत हे गाणं रडून संपतं. तुमच्या बाने ते रडून संपवलंच नव्हतं. रित्या मोटेच्या पुढे त्यांनी झरा ठेवला होता.

आशा रडता रडता हसली. एक म्हातारी म्हणाली, असं होतं तर. आणि आतोबा? ज्यांना मी कोण हे तीनदा सांगावं लागतं, त्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवला आणि विचारलं की लंकाने नाव घेतलं का? साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं म्हणाले. आत्या म्हणाली, तुमचं नाही, माझ्या बाचं. मग हसली आणि म्हणाली, दोघांचं. नंतर मला जवळ घेऊन तिने कडवं तीनदा म्हणून दाखवलं आणि नावासकट लिहून घे म्हणून बजावलं.

गाण्यात नाव सापडलं. दोन माणसांच्या तोंडून खात्री झाली, आत्याच्या आणि आईच्या. काल प्रकाशकाकडे जाऊन पान बदललं. ‘रचणारा: सावळीराम, सालदार, मोसमकाठ. मोटेवरचं गाणं.’ चारही कडवी छापतोय. माझी चार पानं मी स्वतःच्या हाताने फाडली.

तुमच्या दोघांच्या प्रेमाचा झरा असाच लागलेला असो.

वेदिका

॥ श्री ॥
नामपूर,
६ मार्च १९९९

चि. सौ. वेदिकास अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईसमोर पत्र मोठ्याने वाचायला घेतले. कडव्यापाशी आलो आणि मला पुढे वाचता येईना. चष्म्याचा दोष नव्हता. मग तुझ्या आईने कागद घेतला. तिची चौथी झालेली आहे, सावकाश वाचते. ओठ हलवत ती पहिल्या ओळीवर आली, नावापाशी पदर तोंडाला लावला, एवढा की डोळेच दिसत होते, आणि मग पदर खाली करून ‘म्हने, माय, हीर शे जित्ती’ पासून पुढचे सगळे गळ्यावर म्हटले. सासऱ्याचा मानही राहिला आणि कडवेही झाले. परवा शेजारच्या गोजराकाकू तुझ्या आईला बाजारपेठेतल्या एका हळदीला घेऊन गेल्या. तिथे तिने असेच म्हटले. गोजराकाकूंनी नाव सांगितले तशी इतर बायांनी ते मोकळेपणी घेतले, त्यांना काय अडचण? एक दोघी मात्र तिच्यासारख्याच थांबल्या. त्यांच्या घरी कुणीतरी सावळीराम असणार.

मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी जन्मभर समजत होतो की माझ्या बापाची या तालुक्यात काही खूण नाही. फोटो नाही, सातबारा नाही. आणि इकडे साठ वर्षे, दर लग्नसराईत, गावोगावच्या बाया त्यांच्या नावाच्या जागेवर येऊन थांबत होत्या. कुणाला माहीत नव्हते कशासाठी, तरी सगळ्या थांबत होत्या. मोठमोठ्या जमीनदारांसाठी एवढे कुणी थांबले नाही. तुझी ती पदराची दोन पाने फाडलीस, ते घाईचे झाले. पुन्हा लिही आणि त्यात हे घाल.

लंका अक्काला चार दिवस इकडे घेऊन ये. तिला मळ्यावर नेतो. मालकाला विचारून ठेवले आहे. विहिरीला अजून पाणी आहे, उन्हाळ्यातही आटत नाही म्हणतो.

वाट पाहतो आहे.

तुझा,
खंडेराव सावळीराम